माबेल्यातून वादळाच्या मागे: छंद, रस्ता आणि रजेचा हिशोब

सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात ‘गुलाब’ हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. तेलंगण ओलांडून ते मराठवाड्यात शिरलं, तेव्हा त्याचं वादळपण संपलं होतं, पाऊस मात्र शिल्लक होता. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, बीड-लातूर-उस्मानाबादेत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं आणि यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात पाणी वाहत असलेल्या पुलावर घातलेली एसटी वाहून गेली. तिथून हाच पट्टा गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, कोमट पाण्यावर त्यानं पुन्हा जोर धरला आणि ‘शाहीन’ असं नवं नाव घेऊन ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो ओमानच्या बातिना किनाऱ्यावर, मुसन्ना आणि सुवैक यांच्या मधे आदळला. मस्कतजवळच्या माबेल्याहून तो किनारा मोटारीनं तासाभराच्या आत येतो. त्या रविवारी माबेल्यातल्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दारांखाली टॉवेल कोंबत बसलेल्या काही मराठी माणसांच्या गावाकडची शेतं याच वादळानं आठवडाभर आधी बुडवली होती.

वादळ बघण्याची ओढ असलेल्या माणसाला ओमानमध्ये राहताना पडणारा प्रश्न मला या एका प्रवासात नेमका दिसतो. वादळाचा मार्ग मोठा असतो, त्याची वेळ त्याची स्वतःची असते आणि ज्यानं ते पाहायचं तो माणूस नोकरीला बांधलेला असतो. माबेला हे मस्कतच्या पश्चिमेचं, सीब विलायतीतलं (विलायत म्हणजे इथला तालुका), भराभर वाढलेलं उपनगर. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला हजर पर्वताच्या पायथ्याच्या बोडक्या टेकड्या, मधे औद्योगिक वसाहत, भारतीय शाळा आणि भाड्याच्या इमारती. बातिना द्रुतगती मार्ग जवळच हलबानपासून सुरू होतो आणि मस्कत द्रुतगती मार्गानं फंजा-बिदबिदकडचा घाट पाऊण तासात गाठता येतो. आभाळाच्या मागे निघायला याहून सोयीची जागा मस्कत परिसरात मला माहीत नाही. अडचण रजेची आहे.

हा छंद अमेरिकेत रुजला. १९५० च्या दशकात रॉजर जेन्सन आणि डेव्हिड होडली या दोघांनी उत्तरेकडच्या मैदानी राज्यांत, कुणीही न सांगता, नुसत्या आवडीपोटी गडगडाटी वादळांच्या मागे गाडी काढायला सुरुवात केली. होडलींची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. ते वॉशिंग्टनजवळ राहून सरकारी नोकरी करत आणि दर वसंतात हक्काची सुट्टी घेऊन हजारो किलोमीटर गाडी हाकत मैदानी प्रदेशात जात. १९७७ मध्ये त्यांनी या छंदाचं पहिलं नियतकालिकही काढलं. शास्त्रज्ञ या वाटेवर आले ते १९७० च्या दशकात. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीचा चक्रावात, म्हणजे टॉर्नेडो, त्यांनी जन्मापासून विरेपर्यंत टिपला आणि हौशी लोकांच्या धडपडीला अभ्यासाचं वजन आलं. १९९६ च्या ‘ट्विस्टर’ चित्रपटानंतर तर पर्यटन कंपन्या दहा-दहा दिवसांच्या सहली सर्रास काढू लागल्या.

तिथला हिशोब ठरलेला आहे. चक्रावातांचा जोर मे महिन्यात आणि जूनच्या पूर्वार्धात असतो, म्हणून हौशी माणूस मेच्या उत्तरार्धातले दोन आठवडे मागून ठेवतो. रजा जानेवारीत टाकायची आणि वादळ मेमध्ये येणार, ही त्यातली मेख. त्या पंधरा दिवसांत उच्च दाबाचा पट्टा मैदानावर ठाण मांडून बसला तर माणूस निळं आभाळ बघून परत येतो, आणि तो कामावर रुजू झाल्यावर चार दिवसांनी वादळं सुरू होतात. माबेल्यातल्या माणसानं व्हिसा, विमानभाडं आणि अख्खी वार्षिक रजा या एका डावावर लावावी असं मला वाटत नाही. ज्यांना आयुष्यात एकदा चक्रावात बघायचंच आहे त्यांनी जावं. पण त्याला छंद म्हणता येणार नाही. छंद वर्षभर पुरायला हवा.

म्हणून मी प्रश्न उलट्या बाजूनं धरतो. कुठलं वादळ किती आधी सुगावा देतं आणि साहेबाला किती आधी सांगावं लागतं, या दोन वेळा शेजारी ठेवून पाहिल्या की बरंच काही उलगडतं. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाचा अंदाज चार-पाच दिवस आधी येतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा तीन-चार दिवस आधी दिसू लागतो. हजरच्या उन्हाळी ढगांचा मात्र त्याच दिवशी सकाळी अकरा-बाराला अंदाज बांधता येतो आणि संध्याकाळी सातला खेळ आटोपतो. ज्याची चाहूल अर्धा दिवस आधी लागते, त्याला वेळही अर्धाच दिवस द्यावा लागतो. अर्ध्या दिवसासाठी कुणापुढे अर्ज करायला नको, शुक्रवार पुरतो.

आधी चक्रीवादळांचं बोलून घेतो, कारण बाहेरच्या माणसाला ओमान म्हटलं की तीच आठवतात. अरबी समुद्रात ती मोसमी पावसाच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत होतात. भर पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत इतका फरक असतो की वादळाची उभी बांधणी टिकत नाही. जून २००७ चं ‘गोनू’ अलीकडच्या काळात मस्कतनं अनुभवलेलं सर्वांत भीषण. पन्नासाच्या आसपास माणसं गेली, घुब्रा आणि बरका इथले समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद पडले आणि भोवती पाणीच पाणी असताना राजधानीत प्यायच्या पाण्यासाठी रांगा लागल्या. २०१० मध्ये ‘फेट’ आलं, मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’नं सलालाला झोडपलं. ‘शाहीन’ वेगळं ठरलं ते त्याच्या वाटेमुळे. बातिना किनाऱ्यावर १८९० नंतर असं चक्रीवादळ आलंच नव्हतं. खाबुऱ्याला ३६९ मिलिमीटर पाऊस झाला. मस्कतला साऱ्या वर्षात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पडतो, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचं वजन कळतं.

‘शाहीन’च्या वेळी रजेचा प्रश्न सरकारनंच सोडवला होता. ३ आणि ४ ऑक्टोबर हे दोन दिवस धोफर आणि अल वुस्ता हे प्रांत वगळता सगळीकडे सार्वजनिक आणि खासगी क्षेत्राला सुट्टी जाहीर झाली. कॅमेरा, गाडी आणि दोन मोकळे दिवस हाताशी होते. पण ती सुट्टी लोकांनी घरात राहावं म्हणून होती, आणि रस्ते मोकळे हवे होते ते बचाव पथकांसाठी. चक्रीवादळाच्या मागे लागणं हे मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही. अमेरिकेतल्या मैदानावर चक्रावाताच्या बाजूला सरकायला चौकोनी रस्त्यांचं जाळं असतं, इथे किनारा आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत एकाच दिशेचे दोन-तीन रस्ते आहेत आणि ते सगळे डोंगरातून उतरणाऱ्या वाद्यांना, म्हणजे कोरड्या नदीपात्रांना, छेदून जातात. चक्रीवादळ घरात बसून बघायचं: उपग्रहाची चित्रं, दिल्लीच्या प्रादेशिक हवामान केंद्राची पत्रकं, ओमानच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या हवामान विभागाचे इशारे आणि एखाद्या साध्या वायुभारमापकावर उतरत जाणारा काटा. एवढ्यानंही रात्र पुरत नाही. त्या वादळानंतरच्या शुक्रवारी ओमानच्या कानाकोपऱ्यातून लोक फावडी आणि पंप घेऊन सुवैक-खाबुऱ्याकडे निघाले आणि तिथल्या घरांतला गाळ उपसायला लागले. वादळासाठी कुणी खरोखर दोन दिवसांची रजा टाकणार असेल तर ती त्या कामासाठी टाकावी.

आता हजर. माझ्या मते माबेल्यातल्या माणसाचा छंद इथेच आहे, आणि त्याची म्हणावी तशी दखल कुणी घेतलेली नाही. जून ते सप्टेंबर सीबमध्ये पावसाचा थेंब नसतो, आभाळ पांढुरकं आणि हवा चिकट. पण त्याच दिवसांत दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवर जवळपास रोज नाट्य घडत असतं. ओमानच्या आखातावरून दमट वारा दुपारी जमिनीकडे वाहू लागतो, तापलेल्या खडकांवरून चढत तीन हजार मीटर उंचीच्या जबल शम्सकडे आणि जबल अख्दरकडे सरकतो, आणि माथ्याजवळ त्याची आतल्या वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याशी गाठ पडते. दोन्हीकडून रेटा बसला की हवेला वर जाण्यावाचून गत नसते. ओमानी लोक या उन्हाळी ढगांना ‘रवाइह’ म्हणतात आणि त्यांची वाट आपल्याकडचा शेतकरी वळवाची बघतो तशीच बघतात.

एखादा असा शुक्रवार नीट बघण्यासारखा असतो. बाराला उपग्रहाच्या चित्रात डोंगररांगेवर ठिपके दिसू लागतात. ते रुस्ताक-अवाबीच्या बाजूला दाटतायत की समाइल-बिदबिदच्या, एवढं बघून रस्ता ठरवायचा: पहिल्यासाठी बरका-नखल, दुसऱ्यासाठी फंजाचा घाट. दीडच्या सुमारास माथ्यावरचा ढग फुलकोबीसारखा गच्च आणि कडा धारदार असलेला दिसतो. कडा धारदार आहेत तोवर तो वाढतोय. तीनच्या सुमारास माथा धूसर होऊन आडवा पसरायला लागतो, म्हणजे तिथे बर्फाचे कण झाले. खालचा तळ काळानिळा होतो, त्यातून पावसाचा करडा पडदा लोंबतो आणि त्याचा बराचसा भाग जमिनीला टेकण्याआधीच कोरड्या हवेत विरून जातो. मग एकदम वारा उलटतो. इतका वेळ समुद्राकडून येणारी ऊब थांबते आणि डोंगराकडून थंड झोत येतो, त्याच्यापुढे धूळ. पहिल्या वासाला अंगावर काटा येतो. ओल्या मातीचा तो वास इथल्या दगडावरही तसाच येतो. सूर्य मावळेपर्यंत ढग वाळवंटाकडे नाहीतर सपाटीकडे कलतो आणि अंधार पडल्यावर विजांनी आतून उजळत राहतो. ज्यांना दुपारी निघता येत नाही त्यांनी माबेल्यातल्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन नैर्ऋत्येला बघावं. आवाज इतक्या लांब पोचत नाही, वीज मात्र दिसते.

यात एक गोष्ट जिवावरची आहे आणि ती ढगात नाही, पायाखाली आहे. वादी म्हणजे वर्षभर कोरडं असलेलं दगडगोट्यांचं नदीपात्र. पाऊस वीस किलोमीटर वर कुठेतरी पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असताना पाणी येतं, तेही हळूहळू चढत नाही, लोंढा म्हणूनच येतो. वादी जिथे रस्ता ओलांडते तिथे लाल-पांढरे पट्टे मारलेले खांब उभे असतात, पाण्याची खोली कळावी म्हणून. पांढऱ्या पट्ट्याखाली पाणी दिसलं तरी थांबायचं, एवढाच नियम मी मानतो. फूटभर वेगवान पाणी छोटी गाडी सरकवतं, दोन फुटांत मोठी चारचाकी गाडीही तरंगू लागते. १४ एप्रिल २०२४ रोजी, ईदच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी, उत्तर शरकियातल्या समद अल शान इथे शाळकरी मुलांची गाडी अशाच पुरात गेली. उमरखेडची एसटी आणि ही गाडी यांच्यात भाषेचा आणि देशाचाच काय तो फरक. जाणूनबुजून वादी ओलांडणाऱ्याला ओमानच्या वाहतूक कायद्यात तुरुंगवास आणि दंड आहे. शेजारच्या अमिरातीनं तर मे २०२३ पासून पावसात वादी, पाणथळ जागा आणि धरणांजवळ नुसतं जमण्यासाठीही हजार दिरहॅम दंड ठेवला, आणि पाणी भरलेल्या वादीत गाडी घालणाऱ्याची गाडी साठ दिवस जप्त होते. हौशी लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो. ढग बघायला वादीत उतरावं लागत नाही. नखलच्या बाजूला किंवा फंज्याच्या चढावर रस्त्यापासून दूर, उंचावरची, परतीचा रस्ता कुठलीही वादी न ओलांडणारी जागा आधीच हेरून ठेवावी.

दुसरा धोका गाडी चालवण्याचा. ३१ मे २०१३ च्या एल रेनो चक्रावातात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे अनुभवी संशोधक गेले, त्यामुळे वादळच मारतं असा समज झाला. पण त्या छंदातली बरीच माणसं रस्त्यावर गेली आहेत. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परतताना अपघातात गेले. माबेल्याहून जबल अख्दरला जाऊन त्याच रात्री परतायचं आणि रविवारी सकाळी सातला कामावर हजर व्हायचं, हा बेत म्हणूनच नको. शिवाय बिरकत अल मौजच्या पोलीस चौकीवरून फोर-व्हील ड्राइव्हशिवाय वर सोडतही नाहीत.

रजेचा कायदा बघायचा तर तो नोकरदाराला तसा उदार आहे. २०२३ च्या शाही फर्मान ५३ नं आलेल्या नव्या कामगार कायद्यात वर्षाला ३० दिवस पगारी रजा, आठवड्याला ४० तास काम आणि सलग दोन दिवस सुट्टी आहे. २०१३ पासून ही साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. सहा दिवसांची तातडीची रजाही आहे, पण ती घरच्या अडीअडचणीसाठी आहे, तिला हात लावू नये. तीस दिवस ऐकायला भरपूर वाटतात. प्रत्यक्षात ते एकगठ्ठा जातात, कारण भारतीय शाळांची सुट्टी जून-जुलैत, तिकिटं तेव्हाच महाग, आणि गावी आई-वडील वाट बघत असतात. मार्चमध्येच घरातून विचारणा सुरू होते, “अहो, तिकिटांचं काय ठरलं? आठवड्यानं वाढलेली असतील.” ऑफिसात एखादा पोरगा आपल्या वरच्या मराठी साहेबाकडे जातो:

“काका, पुढच्या आठवड्यात दोन दिवस हवे होते.”

“कुणाचं काय आहे रे? लग्न?”

“नाही, पाऊस येतोय. मोठा.”

“मग घरी बस की. पावसाला रजा कशाला?”

काकांचं चुकत नाही. आपल्याकडे पाऊस हे रजा बुडण्याचं कारण आहे, रजा घेण्याचं नाही. म्हणून मागायचीच असेल तर दोन दिवसांची मागू नये. गुरुवारी दुपारचे दोन तास मागावेत आणि ते एखाद्या शनिवारी भरून द्यावेत. इतकी लवचीकता बहुतेक ठिकाणी मिळते. डिसेंबर ते एप्रिल या काळातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांसाठी मात्र दोन-तीन सुटे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावेत, कारण ते पट्टे तीन-चार दिवस आधी कळतात आणि हटकून कामाच्या दिवशी येतात. तीसपैकी सत्तावीस गावासाठी, तीन आभाळासाठी, ही वाटणी घरातही पटवता येते.

आणि त्या सत्तावीस दिवसांकडेही वेगळ्या नजरेनं बघायला हवं. जूनमध्ये कोकणात किंवा घाटमाथ्यावर उतरणारा माणूस जगातल्या सर्वांत मोठ्या पावसाळी घटनेच्या ऐन तोंडावर उतरतो. अलेक्झांडर फ्रेटर नावाचा ब्रिटिश लेखक १९८७ चा मोसमी पाऊस केरळपासून चेरापुंजीपर्यंत पाठलाग करत गेला आणि त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. आपण तेच तिकीट काढून येतो आणि कपाटं आवरतो. अडचण इथेही तारखेची आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. पण २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, आणि २०२५ मध्ये २६ मे रोजीच, निदान १९५० पासून सर्वांत लवकर. जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलेल्याला २०२३ मध्ये घामाघूम होऊन वाट बघावी लागली, आणि २०२५ मध्ये पहिला पाऊस त्यानं माबेल्यात फोनवर बघितला. तिकीट बदलण्याची सोय असलेलं घ्यावं एवढाच त्यावर उपाय. आगमनाची तारीख हुकली तरी जुलैचा आंबोली किंवा माळशेज हुकत नाही.

मोसमाआधीचा वळीव ही आणखी मोठी मेजवानी, पण एप्रिल-मेची, आणि तेव्हा इथल्या शाळा सुरू असतात. ज्यांना मुलांच्या शाळेचं बंधन नाही त्यांनी मे महिन्यात सोलापूर-सांगलीच्या माळावर दोन आठवडे काढून बघावेत. सपाट जमीन, लांबवर दिसणारा ढग, सरळ रस्ते: अमेरिकेच्या मैदानाच्या जवळचं काही आपल्याकडे असेल तर ते हेच. पण तिथे वीज हा खरा शत्रू. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं वीज पडून मरतात, बहुतेक उघड्या शेतात किंवा झाडाखाली. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अॅप केलं आहे, ते फोनमध्ये असावं आणि गडगडाट ऐकू येताच गाडीत बसून काचा वर कराव्यात. शहरातही सुटका नसते. १३ मे २०२४ ला मुंबईत अशाच वादळापुढचा धुळीचा झोत आला आणि घाटकोपरला पडलेल्या होर्डिंगखाली सतरा माणसं गेली.

वादळ बघणाऱ्यानं नोंद ठेवावी, हा माझा शेवटचा आग्रह. हजरच्या घळींमध्ये पर्जन्यमापक विरळ आहेत आणि उन्हाळी ढग एका दरीत कोसळतो, शेजारची कोरडी ठेवतो. तारीख, वेळ, उभं राहिलेलं ठिकाण आणि ढगाची दिशा लिहिलेला फोटो काही वर्षांनी दुसऱ्या छांदिष्टाला किंवा विद्यार्थ्याला उपयोगी पडतो. नुसता नाट्यमय फोटो कुणाच्याच कामाचा नाही. त्यातही जुने पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून पुढे ढकलण्याची सवय मोडायलाच हवी. ओमानचे अधिकारी प्रत्येक वादळात अधिकृत स्रोतांखेरीज काही पसरवू नका असं सांगतात, आणि ‘शाहीन’च्या दिवशी वडाळ्याहून, लातूरहून येणाऱ्या घाबऱ्या फोनांना उत्तरं देताना ते का सांगतात हे इथल्या प्रत्येक घराला कळलं होतं. येत्या जूनची तिकिटं काढायच्या आधी रजेच्या अर्जावर तीन दिवस कोरे सोडा, आणि शुक्रवारी बाराला उपग्रहाचं चित्र उघडा. नखलचा रस्ता दुपारच्या नमाजानंतर अर्धा तास गर्दीचा असतो, त्याआधी बरका ओलांडलेलं बरं.